स्टेशन नसलेल्या गावातल्या स्टेशनकाकू

आमच्या भोरात रेल्वे नव्हती. आगगाडी बघायची तर मोटारीनं पुणं गाठावं लागे, नाहीतर बैलगाडीत बसून नीरेच्या बाजूला जाईतो हाडं खिळखिळी करून घ्यावी लागत. तरी आमच्या आळीत एक स्टेशनकाकू राहत होत्या, आणि त्यांच्या दाराशी खिळ्याला एक दगडी पाटी टांगलेली असे. रोज सकाळी त्या पाटीवर नवा मजकूर येई :

'पुण्याची मोटार – कापूरहोळास टायर फुटला. येणे तीनच्या सुमारास.
धोंडू दूधवाला – म्हैस व्याली. उशीर एक तास.
दत्तोपंत – कचेरीतून येणे रोज उशिरा. कारण कळलेले नाही.'

हे दत्तोपंत म्हणजे मी. संस्थानच्या जंगल खात्यात कारकून होतो, समोरच्याच घरात राहत होतो आणि लग्नाला उणंपुरं एक वर्ष झालं होतं. कचेरी सुटल्यावर मी दोन मित्रांबरोबर तासभर पत्ते खेळत असे, एवढंच खरं कारण होतं. पण 'कारण कळलेले नाही' या तीन शब्दांनी माझ्या घरात जो विचार सुरू झाला, तो निस्तरायला मला आठवडा लागला. मी तावातावानं काकूंकडे गेलो.

"काकू, हे पाटीवर कशाला लिहायचं?"

"मग तू घरी सांगून जा, म्हणजे मी पुसते," काकू म्हणाल्या. "दत्तू, उशीर हा गुन्हा नव्हे रे. न सांगणं हा गुन्हा."

हे वाक्य काकू दिवसातून पाच-सहा वेळा म्हणत. भात शिजायला वेळ लागला तरी म्हणत, कीर्तनकार उशिरा आले तरी म्हणत. एकदा यमाचा विषय निघाला, तेव्हा त्यालाही त्यांनी हेच ऐकवलं.

काकूंचं नाव द्वारकाबाई. यजमान रेल्वेत स्टेशनमास्तर होते, तेही जिथं दिवसाला चार गाड्या थांबल्या तर थांबल्या, अशा आडस्टेशनांवर. अशा पाच-सहा स्टेशनांवर मिळून दोघांनी बावीस वर्षं काढली. मूलबाळ नव्हतं. यजमान गेल्यावर त्या भोरला भावाच्या घरी दोन खोल्यांत येऊन राहिल्या. सामानात एक ट्रंक, एक स्टोव्ह, एक हिरवं आणि एक तांबडं निशाण होतं. यजमानांना दमा होता. थंडीत त्यांना उठवत नसे, तेव्हा तारेच्या यंत्रावर काकू बसत. कट्ट-कडकट्टची सगळी बाराखडी त्यांना पाठ होती. गंमत अशी की त्यांना इंग्रजी बोलता येत नव्हतं, पण तारेतलं इंग्रजी कानानं कळत होतं.

पाटीला मोटारवाला वैतागला होता, पण लोकांना तिची सवय झाली होती. एकदा हिर्डोशीच्या रामा धोंडूची कोर्टात तारीख होती. आदल्या दिवशी टपालवाल्यानं सांगितलं की तिकडं ओढ्याला पाणी आलंय. काकूंनी सकाळी पाटीवर लिहिलं, 'रामा धोंडू, हिर्डोशी – निघाले आहेत. पायी. बारापर्यंत पोहोचतील,' आणि ती पाटी खिळ्यावरून काढून स्वतः कोर्टाच्या शिरस्तेदारांसमोर नेऊन धरली. रामा पावणेबाराला चिखलानं भरून आला, तेव्हा त्याचं काम अजून पुकारलेलं नव्हतं. त्यानंतर तो दर हंगामाला काकूंना नाचणी आणून देऊ लागला.

हे सगळं आळीपुरतं ठीक होतं. काकू म्हणजे नेमक्या कोण, हे मला कळलं ते एका वैशाखात.

मला मिरजेला बहिणीकडे जायचं होतं, काकूंना कऱ्हाडला दिराच्या नातवाच्या बारशाला. दोघं मोटारीनं पुण्याला गेलो आणि सकाळची गाडी धरली. आदल्या रात्री वळवानं सगळा मुलूख झोडपून काढला होता. जेजुरी मागं पडली तसा काकूंनी खिडकीतून हात बाहेर काढला. म्हणाल्या, "गाडी दबकत चाललीय. पुढं काहीतरी आहे."

नीरेच्या अलीकडे एका लहान स्टेशनात गाडी उभी राहिली ती हलेचना. त्या स्टेशनचं नाव मी सांगत नाही. तिथले मास्तर पुढं मोठ्या हुद्द्यावर चढले, त्यांना उगाच लाज नको. अर्ध्या तासानं बातमी आली : स्टेशनच्या पुढं दोन फर्लांगांवर ओढ्यानं लहान पूल उचलून नेला होता. रूळ तेवढे झोपाळ्यासारखे अधांतरी लोंबत होते. तारेचे खांबही पडले होते. समोरून येणारी साताऱ्याकडची गाडी गँगमननं तांबडं निशाण दाखवून ओढ्यापलीकडेच थांबवली होती. रोज त्या स्टेशनात दोन्ही गाड्यांची गाठ पडायची. त्या दिवशी त्या ओढ्याच्या दोन बाजूंना एकमेकींकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

आमच्या गाडीतून तीनशेच्या वर माणसं उतरली. ऊन चढत होतं. स्टेशनातला पाण्याचा रांजण अर्ध्या घटकेत आटला. प्रत्येक जण प्रत्येकाला विचारत होता आणि जो तो आपल्या मनाचं सांगत होता. कुणी म्हणालं चार दिवस लागतील, कुणी म्हणालं नीरेचा मोठा पूल गेला. पन्नासएक माणसं मास्तरांच्या खोलीपुढं जमून दार ठोठावू लागली, आणि मास्तर आतून कडी लावून बसले.

काकूंनी आपली वळकटी माझ्याकडे दिली, पदर खोचला आणि गर्दीतून वाट काढत त्या दाराशी गेल्या.

"दार उघड, बाळ," त्या म्हणाल्या. "गाडी अडली म्हणून लोक चिडत नाहीत. मास्तर दिसत नाही म्हणून चिडतात."

जरा वेळानं कडी निघाली. आत तेवीस-चोवीस वर्षांचा पोरगेला मास्तर घामानं थबथबून उभा होता. "मी काय सांगू त्यांना?" तो म्हणाला. "दोन्हीकडची तार बंद आहे. वरून हुकूम नाही."

"माहीत नाही, एवढं तरी सांग. पण टोपी घालून सांग."

मास्तरांना त्यांनी टोपी घालायला लावली, बाकावर उभं केलं आणि बोलायला लावलं. पूल गेलाय, माणसांना धोका नाही, दर अर्ध्या तासाला मी इथं येऊन काय ते सांगीन. बस, एवढंच. पण गर्दीचा आवाज निम्म्यानं खाली आला. तोवर काकूंनी वेळापत्रकाचा फळा पुसून त्यावर खडूनं लिहायला घेतलंही होतं : 'पूल नाही. पाणी मास्तरांच्या घरामागच्या विहिरीवर. पुढील खबर साडेअकराला.'

मास्तरांचं घर म्हणजे स्टेशनामागची दोन खोल्यांची चाळवजा इमारत. तिथं त्यांची बायको सुशीला, सतरा-अठरा वर्षांची, दाराच्या फटीतून बघत होती. काकूंनी तिला हाक मारून बाहेर बोलावलं, तिच्या हाती पोहरा दिला आणि बायका-मुलांना आधी पाणी मिळेल असं बघायला सांगितलं. ती घाबरत घाबरत विहिरीवर गेली. पंधरा मिनिटांनी बघतो तर ती एका पैलवानाला रांगेत मागं उभं राहायला सांगत होती.

इतक्यात ओरडा झाला. तीन तरुण लोंबत्या रुळांवरून पलीकडे जायला निघाले होते. खाली तांबडं पाणी घुसळत होतं. लोक काठावर उभे राहून त्यांना नको नको म्हणत होते, आणि त्यामुळे त्यांना अधिकच चेव चढत होता. काकू तिथं पोहोचल्या. त्यांनी अडवलं नाही. पिशवीतून आपली प्रवासातली लहान पाटी काढली आणि पेन्सिल ओली केली.

"जा हो, जा," त्या म्हणाल्या. "फक्त जाण्याआधी नाव, गाव आणि घरी कुणाला कळवायचं तेवढं सांगा."

"कळवायचं काय?" पहिल्यानं विचारलं.

"ते तुम्ही कुठवर पोहोचता त्यावर ठरेल. उशीर हा गुन्हा नव्हे, पण घरच्यांना न सांगणं हा गुन्हा. आईचं नाव काय?"

पहिल्यानं आईचं नाव सांगितलं. मग त्यानं रुळावरचा पाय काढून घेतला आणि बाकीचे दोघेही गुपचूप त्याच्या मागून आले.

काकू काठावर उभ्या राहून पलीकडे बघत होत्या. "दत्तू, तिकडची माणसं पुण्याला जाणार, इकडची साताऱ्याला," त्या म्हणाल्या. "गाड्या पलीकडे जाऊ शकत नाहीत. माणसं जाऊ शकतात. माणसांची अदलाबदल करायची आणि दोन्ही गाड्या आल्या वाटेनं उलट्या न्यायच्या. आमच्या वेळी दोनदा केलंय."

अडचणी दोनच होत्या. माणसं न्यायची कशी, आणि पलीकडच्या गार्डाला हे सांगायचं कसं. पाण्याच्या आवाजात हाक ऐकू जात नव्हती.

पहिल्या अडचणीचं उत्तर स्टेशनबाहेर लिंबाखाली उभं होतं. भोंगवलीहून आलेल्या बारा बैलगाड्या, शिंगांना गोंडे, गळ्यात घुंगरमाळा. नवरदेवाचं वऱ्हाड पलीकडच्या गाडीत होतं आणि लग्न त्याच दिवशी गोरज मुहूर्तावर होतं. नवरीचे चुलते सर्जेराव पाटील कपाळाला हात लावून जुवावर बसले होते.

"पाटील, वरच्या अंगाला गाड्या पार होतील असा उतार आहे ना?" काकूंनी विचारलं.

"हाय की. तीन शेतं वलांडली की हाय. पर सकाळी बैलांच्या पोटाला पानी हुतं."

"आता?"

पाटलांनी माणूस धाडला. तो परत आला तेव्हा पाणी गुडघ्यावर उतरलं होतं.

"मग आमी आमचं वऱ्हाड आनतो, बाई," पाटील उठले. "लोकं वाहायला आलो न्हाई आमी हितं. म्हूर्त गाठायचाय."

"आणाच. पण जाताना गाड्या रिकाम्या कशाला नेता?" काकू म्हणाल्या. "जाताना आमची माणसं न्या, येताना तुमचं वऱ्हाड आणा. वऱ्हाडाला चार गाड्या लागतील, त्या घेऊन पहिल्या खेपेनंच भोंगवलीला सुटा. बाकीच्या आठ मला दुपारपुरत्या द्या. घरात लग्न आहे, आज तीनशे माणसांचा आशीर्वाद वाटेत पडलाय, तो ओलांडून जाऊ नका."

पाटलांनी बैलांकडं बघितलं, मग गर्दीकडं बघितलं. "लई बोलता तुमी," ते म्हणाले, आणि गाड्या जुंपायला सांगितल्या.

दुसऱ्या अडचणीसाठी काकू थेट इंजिनापाशी गेल्या. ड्रायव्हर इब्राहिमभाई, पांढरी दाढी, तोंडात विडी.

"शिटीवर तार करायची आहे," काकू म्हणाल्या. "मी हात वर धरीन तेवढा वेळ वाजवा, खाली केला की थांबा."

इब्राहिमभाईंनी विडी काढली. "बाई, तीस वरस झाली इंजिनावर. शिटीची तार कुनी मागितली न्हाई."

"मागायची वेळ आली नव्हती."

मास्तर मागून धावत आले. "काकू, हे नियमात बसत नाही."

"तार तुटली म्हणजे हुकूम तुटला, बाळ. मागच्या स्टेशनाला ट्रॉलीनं माणूस पाठव आणि गाडी उलटी न्यायची लेखी परवानगी आण. ते नियमात बसतं. तू ते कर, मी हे करते."

मग जे झालं तसं मी पुन्हा कधी ऐकलं नाही. अंजिरी लुगड्यातल्या पंचावन्न वर्षांच्या काकू फलाटाच्या टोकाला उभ्या, डोळे अर्धे मिटलेले, हात वर-खाली. आणि त्या हाताबरोबर इंजिनाची शिटी कधी आखूड, कधी लांब. पाऊण पानाचा मजकूर नव्हता, एवढाच होता : पूल नाही, माणसं बदलू, गाड्या मागे. पण एकेक अक्षर करत पंधरा मिनिटं गेली.

पलीकडे काही हालचाल नाही. काकूंनी सगळा मजकूर पुन्हा पाठवला. मग पलीकडून एक लांब शिटी आली आणि तिच्यामागून तुटक तुटक आखूड शिट्या. काकूंचं बोट पदराच्या काठावर वाजत होतं.

"काय म्हणतोय?" मास्तरांनी विचारलं.

"विचारतोय, कुणाचा हुकूम."

मास्तरांचा चेहरा उतरला. काकूंनी हात वर केला. या वेळी मजकूर अगदी लहान होता.

"काय कळवलंत?" मी हळूच विचारलं.

"'स्टेशन', एवढंच," काकू म्हणाल्या. खोटं काही नव्हतं. सगळं भोर त्यांना तेच म्हणत होतं.

पलीकडून एक आखूड शिटी आली. काकूंनी हात खाली घेतला आणि कपाळावरचा घाम पुसला. "समजलं म्हणतोय. करा सुरू."

साडेबाराला पहिल्या बारा गाड्या उतारात शिरल्या, म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या घेऊन. पाणी चाकाच्या तुंब्याला लागत होतं. दोन्ही काठांवर माणसं उभी. पहिला बैल पलीकडच्या मातीला लागला आणि सगळ्यांनी मिळून 'हर हर महादेव' केलं. तासाभरात गाड्या परत आल्या. पहिल्या गाडीत नवरदेव, मुंडावळ्या सांभाळत, डोक्यावर छत्री धरून. इकडच्या लोकांनी त्याला ओळख नसताना टाळ्या वाजवल्या. सनईवाल्याला गाडीतच चेव आला. पाटलांनी चार गाड्या सोडवून घेतल्या, काकूंपुढं वाकले आणि म्हणाले, "म्हूर्त गाठतो आमी. तुमी असता तर आक्षदा टाकल्या असत्या."

"इथूनच टाकते," काकू म्हणाल्या. फळ्यावर त्यांनी लिहिलं, 'भोंगवलीचे वऱ्हाड – सुटले. वेळेवर.' पुढं महिन्याभरानं भोरच्या बाजारात पाटलांचा एक गाडीवान मला भेटला. अक्षता वेळेवर पडल्या होत्या.

बाकीच्या आठ गाड्यांनी ऊन कलेपर्यंत खेपा घातल्या. नाव घेऊन, सामान मोजून, कुणाचं गाठोडं कुणाकडे न जाऊ देता काकू माणसं चढवत होत्या. मास्तर आता टोपी सरळ करून अर्ध्या तासाच्या ऐवजी पंधरा मिनिटांनी खबर देत होते आणि लोक त्यांना 'मास्तरसाहेब' म्हणत होते. ज्या पन्नास माणसांनी सकाळी दार ठोठावलं, त्यांतले काही सामान वाहत होते. चारच्या सुमाराला पलीकडून आलेली माणसं आमच्या गाडीत बसली, मागच्या स्टेशनाची परवानगी आली आणि इब्राहिमभाईंनी गाडी उलटी घेतली. जाताना काकूंपुढं त्यांनी हात छातीला लावला. पलीकडची गाडी भरत आली होती. तिथला गार्ड शिटीवर काहीतरी वाजवू लागला, तशा काकू हसल्या.

"आता काय म्हणतोय?"

"थँक्स म्हणतोय. एक अक्षर चुकलं त्याचं."

शेवटची बैलगाडी उभी होती. जायचे आम्ही दोघंच राहिलो होतो. मी काकूंना शोधायला गेलो तर त्या मास्तरांच्या घरामागं विहिरीच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. शेजारी सुशीला. दिवसभर तिच्या विहिरीवर बायकांची रीघ होती. आता कुणी नव्हतं. नुसती ओली माती आणि शेकडो पावलं. ती पोर त्या पावलांकडे बघत होती.

"चला काकू," मी म्हणालो. "गाडी थांबलीय."

काकू उठल्या नाहीत. "दत्तू, एक सांगू?" त्या म्हणाल्या. "बावीस वर्षं माझ्या दारापुढून रोज गाड्या गेल्या. खिडक्याखिडक्यांतून माणसं. पण आमच्याकडे म्हणून कधी कुणी उतरलं नाही. आडस्टेशन ते, कोण येणार? गाडी अडकली की मात्र यायचे सगळे. कुणी पाणी मागायला, कुणी पोराला निजवायला. ओटीवर बायका बसायच्या, कुठल्या गावच्या, किती मुलं, सगळं सांगायच्या. एकदा एक बाळंतीण दोन दिवस राहिली होती. जाताना मला ताई म्हणाली. मग मला तशी खोड लागली. संध्याकाळी दिवा लावताना देवाला सांगायची, कुणाला इजा नको, कुणाचं काम अडायला नको, पण एखादी गाडी अडकू दे. ह्यांना कधी बोलले नाही. स्टेशनमास्तरच्या बायकोनं असं मागायचं म्हणजे पापच की."

पलीकडून शिटी झाली.

"तू जा," काकू म्हणाल्या. "कऱ्हाडला उतरून दिरांना सांग, मी चार दिवसांनी येते. बारसं काय, नाव ठेवलं तरी पोर तिथंच असणार आहे."

"इथं कुठं राहणार तुम्ही?"

काकूंनी सुशीलाकडे पाहिलं. "हिच्याकडे उतरतेय," त्या म्हणाल्या.

सुशीला झटकन उठली. माझ्या खांद्यावरची काकूंची वळकटी तिनं दोन्ही हातांनी उतरवून घेतली, उंबऱ्याच्या आत ठेवून पदरानं पाट पुसला आणि तिथूनच मास्तरांना हाक मारून म्हणाली, "अहो, ऐकलंत का, पाहुण्या आल्यात आपल्याकडे."